कारंजे बसवण्याकडून कारंजे सांभाळण्याकडे : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात पंपांच्या जळालेल्या मोटारींपासून झाली. जळगावात माझे मोटार रिवाइंडिंगचे छोटे दुकान होते आणि रावेर-यावल पट्ट्यातील केळी बागायतदार आपले पंप तेथे दुरुस्तीला आणत. पुढे अमळनेरच्या एका ग्राहकाने बंगल्याच्या बागेत कारंजे बसवून द्याल का, असे विचारले. पंप, पाइप आणि वीज या तिन्हींची जाण असल्यामुळे हे काम सहज जमेल, अशी माझी समजूत झाली.

दिवाळीत कारंजे सुरू झाले. १० फूट व्यासाचा हौद, मध्ये काळ्या ग्रॅनाइटचा खांब आणि त्यावर ६ फूट उंच फवारा, असे ते देखणे काम होते. वैशाखात निरोप आला म्हणून गेलो, तर खांबावर चुन्यासारखा पांढरा थर चढलेला, नोझल अर्धवट बुजल्याने फवारा वाकडा झालेला आणि हौद रिकामा झाल्यावरही चालू राहिल्याने पंप जळालेला. मालकांच्या आईंनी त्या थराकडे बोट दाखवून "भाऊ, हाई काय शे?" एवढेच विचारले.

तो थर बोअरच्या जड पाण्यातील क्षारांचा होता. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, आणि आपण हौदात पुन्हा तेच पाणी भरत राहिल्याने त्यांचे प्रमाण वाढतच जाते. हे तेव्हा कळले असते, तरी पातळी इतकी का उतरते हे कोडे सुटले नसतेच. हौद गळत असावा असे ठरवून आम्ही फरशी फोडली आणि स्वखर्चाने वॉटरप्रूफिंग नव्याने केले, तरीही पाणी उतरतच राहिले. मग एका जुन्या गवंड्याच्या सांगण्यावरून कारंजे बंद ठेवून, पाण्याने भरलेली बादली हौदातच ठेवली आणि दोन्हींकडे पातळीच्या खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही पातळ्या सारख्याच उतरलेल्या दिसल्या. म्हणजे हौद मुळीच गळत नव्हता. काही पाणी उन्हाने जात होते आणि उरलेले, कारंजे चालू असताना, वारा उडवून नेत होता. एवढ्या हौदात पातळी एक सेंटिमीटर उतरली, तरी ७० लिटरांहून अधिक पाणी गेलेले असते. ही बादलीची परीक्षा आधी केली असती, तर ती फरशी वाचली असती.

तेव्हापासून पाणी तपासल्याशिवाय आम्ही काम घेत नाही, हौदाचा व्यास फवाऱ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट ठेवतो आणि पातळी खाली जाताच पंप बंद करणारा फ्लोट स्विच बसवतोच. पंप किती हॉर्सपॉवरचा, हा ग्राहकांचा आवडता प्रश्न असतो. परंतु पंपावर लिहिलेले कमाल हेड म्हणजे जेथे प्रवाह शून्य होतो ती उंची, हे समजावण्यात आमचा बराच वेळ जातो. पाण्यातील दिवे १२ व्होल्टचेच असावेत आणि वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा, यावर मात्र घासाघीस होत नाही.

आज आमचे निम्म्याहून अधिक काम वार्षिक देखभालीचे आहे. नोझल काढून लिंबूसत्त्वाच्या द्रावणात भिजवणे, पंपाची जाळी धुणे आणि हौदातील पाणी वेळोवेळी पूर्ण बदलणे हा त्याचा गाभा. फरशी धुण्याचे तीव्र ॲसिड घरच्या माणसांनी वापरले, तर पितळी नोझल खराब होते. संगमरवरावर तर आम्ही लिंबूसत्त्वही लावत नाही. शहरातल्या ग्राहकांना हा खर्च फुकटचा वाटतो. ठिबकच्या नळ्यांना ॲसिड देणारे आमचे बागायतदार मात्र पहिल्याच वाक्याला मान डोलावतात. पावसाळ्यात कारंजे बंद ठेवायचे असेल, तर हौद कोरडा करायला आम्ही बजावतो, कारण डेंग्यू पसरवणारा डास मुख्यतः साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात.

अमळनेरचे ते कारंजे अजून आमच्याकडेच देखभालीला आहे. उंच फवारा काढून तेथे आम्ही दीड फुटाचे फेसाळ नोझल बसवले, गच्चीवरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून ते जमेल तितके दिवस हौदात वापरतो, आणि वैशाखात ते फक्त संध्याकाळी, वारा पडल्यावर, तासभर चालते.