माडीवरच्या नव्या बाथरूममध्ये सोलरचं गरम पाणी: पॅरापेटवर अडलेला दाब

जुन्या घराच्या मागे खोली वाढवून वर बाथरूम काढली की गरम पाण्याची लाईन जुन्या स्लॅबवरच्या सोलरपासून ओढली जाते. आमच्याकडेही तशीच ओढली. खालच्या बाथरूमला गरम पाणी जोरात, वरच्या नव्या बाथरूमला गार पाणीही जोरात, पण तिथल्याच गरम नळाला करंगळीएवढी धार. यावर प्रत्येकाचं एकच उत्तर ठरलेलं: "पंप लावा की, विषय संपला." हा सल्ला ऐकून मला अजून चीड येते, कारण पाईप न तपासता तो दिला जातो.

पंपाच्या आधी दोन मापं घ्यायची. शॉवर काढून नुसत्या पाईपखाली 10 लिटरची बादली लावायची. ती मिनिटाभरात भरली तर पाईप ठीक आहे, शॉवरच दाब मागतोय. दोन-अडीच मिनिटं लागली तर लाईनीतच कुठंतरी अडलंय. दुसरं माप उंचीचं. सोलरलाही पाणी गार टाकीतूनच येतं, म्हणून गार पाण्याच्या टाकीतली पातळी शॉवरपेक्षा जितकी वर, तितकाच दाब: दर मीटरला साधारण 0.1 बार. साडेतीन मीटर असेल तर 0.35 बार. एवढ्यावर साधा शॉवर चालतो, मोठ्या ताटलीचा रेन शॉवर नाही.

आमच्याकडे बादली रेंगाळत भरत होती, म्हणजे दोष लाईनीत. सोलर कंपनीच्या सर्व्हिसवाल्याची वाट पाहण्यात खूप वेळ गेला. तक्रार नंबर मिळतो, माणूस मिळत नाही. अखेर आला, टाकीच्या तोंडाशी पाणी गरम आहे का पाहिलं आणि "सोलर ओके" लिहून गेला. टाकीच्या पुढची लाईन त्याच्या कागदात बसतच नाही. तुम्ही त्याच्यासाठी थांबू नका, स्लॅबवर जाऊन पाईप नजरेनं धरत चाला.

अडचण तिथंच दिसते. सोलरच्या टाकीतून पाईप खाली स्लॅबवर येतो, मग पॅरापेटवर, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर, तीन फूट चढतो आणि पलीकडे नव्या खोलीत उतरतो. हा चढ-उतार म्हणजे उलटा यू. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि या उंच जागी साठते. उतरत्या पाईपात जितकी उंची हवेनं व्यापली, तितका दाब गेला. मुळात साडेतीन मीटर, त्यातला जवळपास एक मीटर असा जातो. गार लाईन त्याच वाटेनं गेली तरी तिला एवढा त्रास होत नाही, कारण ते पाणी तापत नाही.

खात्री करायची असेल तर खालच्या बाथरूमचा गरम नळ पूर्ण सोडा. वर मिक्सरचं, म्हणजे गरम-गार एकत्र येणाऱ्या नळाचं, तोंड तळहातानं घट्ट दाबून गरम-गार दोन्ही उघडा. गार पाणी गरम लाईनीत उलटं शिरतं आणि हवा ढकलतं. लगेच धार सुधारली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मंदावली, तर दोष हवेचाच. गरम लाईनीत स्प्रिंगचा एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा वॉल्व) असेल तर ही चाचणी होणार नाही. शिवाय एवढ्या कमी दाबाला ती स्प्रिंगसुद्धा जड जाते.

पक्का उपाय म्हणजे पॅरापेटला तळाशी भोक पाडून पाईप त्यातून न्यायचा, टाकीपासून नळापर्यंत सलग उतार ठेवायचा. मग हवा उलटी वर जाऊन सोलर टाकीच्या व्हेंटमधून, म्हणजे हवा जाण्याच्या उघड्या नळीतून, निघते. भोकात मोठ्या पाईपची बाही घाला, तिचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा आणि कडा नीट भरा, नाहीतर कोल्हापूरच्या पावसात भिंत ओल धरते. भोक पाडणं जमत नसेल तर उंच जागी टी टाकून अर्धा इंची उघडा व्हेंट उभा करा. त्याचं तोंड गार टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा फूटभर वर हवं. फ्लोटच्या (टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या) पातळीवरून मोजू नका, फ्लोट बिघडला तर पाणी ओव्हरफ्लोपर्यंत चढतं.

मुख्य लाईन पाऊण इंची सीपीव्हीसीच (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिक पाईप) ठेवा. एसडीआर 11 या जाडीच्या वर्गात अर्धा इंचीचं आतलं भोक सुमारे 12.4 मिमी, पाऊण इंचीचं 18.2. तेवढ्याच पाण्याला घर्षण सहा-सात पटींनी कमी होतं. मात्र पाईपच्या दर मीटरला पाव लिटर गार पाणी आधी येतं, म्हणून वाट जवळची काढा आणि पाईपवर फोमचं आवरण चढवा. साधा यूपीव्हीसी गरम लाईनीला कधीच नको, 60 अंशांच्या पुढे तो मऊ पडतो. क्लॅम्प तीन-तीन फुटांवर हवेत, कारण पाईप लोंबला की तिथंही हवा अडकते. जोडाला चिकटवायचं सोल्यूशन जास्त लावलं की आत कडी धरते आणि भोक अरुंद होतं.

एवढं करून पंप लावायचाच असेल तर सोलरच्या आधी लावू नका. सोलरची बिनदाबाची (दाब न झेलणारी) टाकी फुटेल किंवा व्हेंटमधून पाणी उडेल. पंप सोलरनंतरच, गरम पाण्याला चालणारा. तो लाईनीत येतं त्यापेक्षा जास्त पाणी ओढणारा नको, नाहीतर व्हेंटमधून हवा खेचेल. गार लाईनीचा दाबही त्याच्या बरोबरीचा हवा, नाहीतर मिक्सरमध्ये एक बाजू दुसरीला मागे रेटते.

गार टाकीचा स्टँड उंच करणार असाल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेशन करून मिळतं. पण 500 लिटर म्हणजे अर्धा टन वजन, पाय बीमवरच यायला हवेत आणि सोलरचा व्हेंटही तितकाच वाढवायला हवा.

जुलै-ऑगस्टसाठी वर छोटा गीझर घेतलात तर त्याला गार लाईन द्या, आणि गीझर चालू करण्याआधी सोलरचा बॉल वॉल्व बंद करा. तो उघडा राहिला तर गीझरचं तापलेलं पाणी सोलरच्या लाईनीत मागे जातं.