काळी चार आणि माउथ ऑर्गन

आज दादरच्या तालमीत गायिकेची पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी (जी-शार्प), ठरली, म्हणून मी सी-शार्पचा माउथ ऑर्गन काढला. दहा छिद्रांच्या या बाज्यात मूळ स्वराच्या पंचमाला (इथे जी-शार्पला) षड्ज मानले, की दुसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढताच सा मिळतो, तिसऱ्यातून गंधार, चौथ्यातून पंचम, आणि पाचव्यात कोमल निषाद आयता बसलेला असतो. खमाज रागाच्या अंगाने जाणाऱ्या भावगीताला ही सोय उत्तम. शुद्ध निषादाच्या गाण्यात मात्र पाचव्या छिद्राकडे फिरकू नये.

अडचण सप्तकाची आहे. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा तार षड्ज आणि माझ्या दुसऱ्या छिद्रातला सा हा एकच स्वर असल्यामुळे, अंतरा चढतो नेमका तेव्हाच माझे सर्वांत भरदार स्वर तिच्या आवाजावर जाऊन बसतात, आणि माइक कितीही कमी केला तरी ही दाटी हटत नाही. म्हणून अंतऱ्यात मी बहुधा वाजवतच नाही. फार आग्रह झालाच, तर ओळीचा शेवटचा स्वर लांबत असताना पहिल्या छिद्रातला पंचम हलकेच धरतो आणि पुढचा शब्द येण्याआधी सोडून देतो.

मुखड्याच्या दोन ओळींमध्ये आज ग-रे-सा एवढाच तुकडा ठेवला. यातला रे बाज्यात तयार नसतो. तोंडाची पोकळी बदलून गंधार पूर्ण एक स्वर खाली ओढावा लागतो, आणि तो जरासा चढा राहिला तरी गायिकेची पुढची उचल डळमळते. शिवाय जोर लावला की रीड (आतली धातूची पाती) किंचित उतरते, त्यामुळे मोठ्याने वाजवणारा बेसूरही होतो.

1958 सालच्या ‘सोलवां साल’मध्ये हेमंतकुमारांच्या गाण्यात राहुल देव बर्मन यांनी वाजवलेला माउथ ऑर्गन सर्वांना तोंडपाठ असतो आणि नवे वादक तोच कित्ता प्रत्येक ओळीमागे गिरवतात. पण तो पीस, म्हणजे गाण्यातला स्वतंत्र वाद्यतुकडा आहे, त्याला संगीतकाराने जागा राखून दिलेली आहे. शब्दांमागून चालणारा ऑब्लिगेटो ही निराळी जबाबदारी आहे. (बासरीवाला एकटा वाजवू लागला, की मी तेवढेही करत नाही, सा-पची जोडी तुटक, आघातांच्या मधोमध देतो.)

शनिवारी गायक काळी एकमध्ये (सी-शार्पमध्ये) गाणार आहे. एफ-शार्पच्या नेहमीच्या बाज्यातला सा त्याच्या तार षड्जाच्याही एक सप्तक वर येतो, त्यामुळे टक्कर होणार नाही, पण वरचे स्वर कानाला टोचतील. चौथ्या छिद्राच्या पुढे जायचे नाही, असे वहीत त्या गाण्यापुढे लिहून ठेवले आहे.