मॉरिस मायनर की डुक्कर फियाट

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की आमच्या ठाण्यात लगेच अँबेसिडर की पद्मिनी हा वाद सुरू होतो, पण मला विचाराल तर खरी बघण्यासारखी जोडी त्याच्या आधीची, मॉरिस मायनर आणि डुक्कर फियाट. दोन्ही युद्धानंतरच्या, दोन्ही साध्या कुटुंबाला परवडावी म्हणून काढलेल्या, लांबीही जवळपास सारखीच आणि तरी स्वभाव एकदम वेगळा.

मायनर आली 1948 ला, अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी केलेली, ज्यांनी पुढे मिनी ही छोटी गाडी काढली तेच हे. गाडी जवळजवळ फायनल झाली आणि त्यांना ती अरुंद वाटायला लागली, मग काय, नमुन्याची गाडी सरळ मधोमध कापली, दोन्ही अर्धे भाग लांब सरकवत बघितलं आणि 4 इंच रुंदी वाढवली! बॉनेटच्या मधोमध जी उठलेली पट्टी दिसते ना ती त्याचीच. पाचपाखाडीत एका काकांकडे मायनर आहे, त्यांनी ती पट्टी मला हात फिरवून बघायला लावली. स्टिअरिंग रॅक अँड पिनियन, म्हणजे दातेरी पट्टीवर फिरणारं छोटं दातेरी चाक, त्यामुळे जिकडे वळवाल तिकडे गाडी लगेच जाते, इतक्या जुन्या गाडीत असं वाटेल अशी अपेक्षाच नसते. सुरुवातीचं 918 सीसी इंजिन मात्र अशक्तच, 1956 ला 948 सीसीचं आलं तेव्हा कुठे जीव आला.

डुक्कर फियाट म्हणजे फियाट अकराशे आली 1953 ला, फियाटचे डिझायनर दान्ते जाकोसा यांची, 1089 सीसी. आणि इथे माझं मत स्पष्ट आहे, फॅमिली गाडी म्हणून फियाटच. लांबी तेवढीच असून पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मायनरपेक्षा साधारण 15 सेंटीमीटर जास्त, मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना ते लगेच कळतं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग सीट, म्हणजे पोर मधे बसवा आणि निघा. मायनर तर आधी दोनच दारांची होती, चार दारं 1950 ला आली. डुक्कर फियाटची पुढची दारं मात्र उलटी उघडतात, बिजागऱ्या मधल्या खांबाला, त्यामुळे नऊवारीतली आजीसुद्धा पाठमोरी होऊन सीटवर टेकते आणि मग आरामात पाय आत घेते. चालत्या गाडीत ते दार उघडलं तर वारा ते पार मागे फेकणार हा धोका होताच, म्हणून पुढे पद्मिनीपर्यंत दारं सरळ झाली.

चालवायची मजा मायनरमधे जास्त, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. पण अकराशेचं इंजिन पद्मिनीतून नव्वदच्या दशकातही बनत होतं, त्यामुळे पार्ट कुर्ल्यात शोधलं तर अजून मिळतात आणि जुना मेकॅनिक ते इंजिन डोळे मिटूनही खोलतो. मायनरवाल्या काकांना दाराच्या रबरासाठीसुद्धा इंग्लंडला ऑर्डर द्यावी लागते.