एकाच पळीतला गाळ

प्रयोगशाळेकडून तक्ता आला तेव्हा माझी नजर आधी बाराव्या ओळीवर गेली, कारण तो नमुना दुहेरी होता. ओढ्यातल्या एकाच जागचा, एकाच पळीने काढून एकाच वाडग्यात कालवलेला गाळ आम्ही दोन बाटल्यांत भरून, वेगवेगळे क्रमांक घालून पाठवला होता. आपल्याच कामाची परीक्षा घेण्याची ही नेहमीची रीत आहे. दोन्ही बाटल्यांचे आकडे जवळपास सारखे यावेत एवढीच अपेक्षा असते. एका बाटलीत किलोमागे ०.३ मिलिग्रॅम पारा निघाला होता. दुसरीत १४.

सोबत विश्लेषकाची नम्र चिठ्ठी होती. दुसरी बाटली भरताना बाहेरून पारा लागला असावा, तेव्हा हा आकडा वगळायचा का, असं विचारलं होतं.

माझ्या पोटात खड्डा पडला. त्या दिवशी मी पारा हाताळला होता.

तो दिवस ऑक्टोबरमधला. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावर पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे ऑक्टोबरात ओढे अगदी बारीक होतात आणि एरवी पाण्याखाली असलेला तळ उघडा पडतो. गाळ तपासायचा तर हेच दिवस. आम्ही तिघं होतो. गटाचे प्रमुख, या डोंगरांत तीस वर्षं हिंडलेले भूवैज्ञानिक. एक तंत्रज्ञ मुलगा. आणि मी, रसायनशास्त्राकडून आलेली, नदीच्या कामात तशी नवीन.

बेअर आणि युबा नद्यांच्या खोऱ्यांत कुठेही उभं राहिलं की समोरची टेकडी अर्धी कापलेली दिसते. १८४८ साली या भागात सोनं सापडलं. नदीच्या पात्रातलं हाताला लागणारं सोनं काही वर्षांतच संपत आलं, आणि १८५३ पासून लोकांनी टेकड्यांवर पाण्याच्या तोफा लावल्या. उंचावरून पाइपांतून आणलेलं पाणी लोखंडी नळीतून टेकडीवर मारायचं, टेकडी ढासळायची, आणि तो सगळा चिखल-गोटा लांबलचक लाकडी पन्हाळींतून सोडायचा. पन्हाळीच्या तळाशी आडव्या पट्ट्या असत आणि पट्ट्यांच्या खाचांत पारा ओतलेला असे. सोन्याचा कण पाऱ्याला भेटला की त्याला धरून बसतो, दगडमाती पुढे निघून जाते. पारा फार लांबून आणावा लागत नव्हता. किनाऱ्यालगतच्या डोंगरांत, सॅन होजेजवळ, न्यू अल्माडेनसारख्या खाणी होत्या. तिथून ७६ पौंड, म्हणजे साडेचौतीस किलो पारा भरलेल्या लोखंडी बाटल्या वर डोंगरात येत.

पण वरून कोसळणारे गोटे खाचांतल्या पाऱ्यावर आदळत आणि त्याचं अक्षरशः पीठ होई. ते पाण्याबरोबर खाली जाई. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा अंदाज असा की पन्हाळीतला १० ते ३० टक्के पारा दरवर्षी असा निसटत असे, आणि गाळातून सोनं धुण्याच्या त्या सगळ्या काळात मिळून कॅलिफोर्नियात सुमारे ४५ लाख किलो पारा निसर्गात गेला. खाली मेरिसव्हिलपाशी युबाचं पात्र गाळाने इतकं भरलं की शहर पुरापुढे उघडं पडलं, शेतं दगडवाळूखाली गेली. शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी नदीत खाणीचा गाळ सोडण्यावर बंदी घातली. आधीच सोडलेला गाळ मात्र तिथेच राहिला. काही पात्रात, काही धरणांमागे. त्यातला मूठभर आम्ही त्या सकाळी काढायला आलो होतो.

पाऱ्याचा नमुना घेणं हे बरंचसं शिस्तीचं काम आहे. ओढ्यात खालच्या अंगाने शिरायचं आणि वर वर सरकत जायचं, म्हणजे आपल्या पायांनी ढवळलेलं आपल्याच नमुन्यात येत नाही. एकाने फक्त आतल्या पिशवीला, बाटलीला आणि पळीला हात लावायचा, बाकी सगळं दुसऱ्याने करायचं. नमुन्यावर श्वाससुद्धा सोडायचा नाही, विशेषतः दातांत चांदी भरलेली असेल तर. ती ‘चांदी’ म्हणजे निम्मा पाराच असतो आणि त्याची वाफ श्वासात उतरते. आमच्या तंत्रज्ञाच्या दोन दाढा भरलेल्या होत्या, म्हणून बाटलीचं काम माझ्याकडे आलं. आणि प्रमुखांचा स्वतःचा एक नियम होता, तो त्यांनी गाडीतून उतरतानाच मला सांगितला: “आधी नमुना, मग ताटली. कितीही मोह झाला तरी.”

ताटली म्हणजे सोनं धुणाऱ्यांची पसरट ताटली. सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन तिच्यातलं सोनं काढणारा झारेकरी जे करतो, तेच इथे नदीत करायचं. मोजमापात तिला काही किंमत नाही. पण पाण्याखाली काय पडलं आहे ते डोळ्यांना दिसावं म्हणून ती बरोबर ठेवतात.

जुन्या पन्हाळीचा बोगदा जिथे ओढ्याला मिळतो त्याच्या थोडं खाली आम्ही गाळ काढला. बाटल्या बंद केल्या, दुहेरी पिशव्यांत घातल्या, खोक्यात ठेवल्या. मग मी ताटली घेतली. दगडाच्या फटीतली वाळू घातली, पाण्यात धरून गोल फिरवत राहिले. हलकं सगळं काठावरून निघून गेलं, काळी लोहवाळू राहिली. आणि त्या काळ्यावर एकाएकी चकाकणारे मणी. मोहरीएवढे दोन, बाकीचे खसखशीसारखे. ताटली कलती केली की धावत जाऊन एकमेकांत मिसळत. एका मण्याचा रंग जरा फिका, मळकट पिवळा होता. प्रमुखांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “त्याच्यात सोनं आहे.” दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी ज्या कामासाठी हा पारा ओतला, ते काम त्याने केलं होतं. न्यायला मात्र कुणी आलं नव्हतं. मी हातमोजे घातले होते, तरी किती तरी वेळ मला ती ताटली खाली ठेववेना.

दुपारी आम्ही खाली जलाशयावर गेलो. ओढा जिथे शांत पाण्यात उतरतो तिथे एक आडोशाची खाडी आहे, तळाशी काळा, कुजट वासाचा, लोण्यासारखा मऊ चिखल. इथे मणी सापडत नाहीत. ताटलीत काहीच राहत नाही.

काठावर एक आजोबा नातीबरोबर गळ टाकून बसले होते. आमचे गमबूट आणि खोके पाहून त्यांनी चौकशी केली आणि पारा म्हटल्यावर ते उठून गाडीकडे गेले. परत आले ते एक काचेची बरणी घेऊन. लोणच्याच्या छोट्या बरणीएवढी, तळाशी दोन बोटं पारा. वर्षानुवर्षं हौसेने सोनं धुताना जमलेला. “पुन्हा नदीत कसा टाकायचा, म्हणून ठेवत गेलो. घरी खिडकीत असते. तुम्ही न्याल का?” त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि हात खाली गेला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो हे मी वर्गात शिकवलेलंही आहे, पण मनगटाला ते त्या क्षणी कळलं.

आम्हाला ती नेता येत नव्हती. एवढा पारा नमुन्यांच्या गाडीत ठेवणं म्हणजे दिवसभराच्या कामावर पाणी. प्रमुखांनी त्यांना नीट समजावलं. झाकण घट्ट लावा, दुसऱ्या डब्यात ठेवा, घरात नको, काउंटीच्या घातक कचरा केंद्राला फोन करून तिथे द्या. आणि सोन्याला लागलेला पारा चुलीवर तापवून उडवायचा प्रयत्न कधीही करू नका, कारण ती वाफ छातीत गेली तर माणूस दगावतो.

मग आजोबांनी बादलीतला मासा दाखवला. चांगला हातभर बास. “हा चालेल ना?”

हा प्रश्न मला बरणीपेक्षा जड गेला. चकाकणारा पारा गिळला तर बहुतेक तसाच शरीराबाहेर पडतो. घात करतो तो वेगळा. प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलात काही जिवाणू पाऱ्याला मिथाइल गट जोडतात. असा तयार झालेला मिथाइलमर्क्युरी रंगाने दिसत नाही, वासाने कळत नाही, आणि गाळातल्या एकूण पाऱ्याच्या सहसा एक टक्काही नसतो. पण तो जिवात शिरतो आणि टिकतो. शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशात, लहान माशातून बासमध्ये, प्रत्येक पायरीला साठत साठत. बाळाच्या वाढत्या मेंदूला तो अपाय करतो. जपानमधल्या मिनामाताला १९५६ मध्ये मासे खाणाऱ्या लोकांचा जो आजार उघडकीला आला तो याच पदार्थामुळे.

या भागातल्या जलाशयांतले मासे किती खावेत याचे सरकारी इशारे आहेत, आणि बाळंतपणाच्या वयातल्या बाया व मुलांसाठी ते जास्त कडक आहेत. मी त्यांना एवढंच सांगितलं की हा मासा नातीला देऊ नका, ट्राउट मिळाला तर तो बरा, तो खालच्या पायरीवर खातो. नातीने विचारलं, मग पोहायचं का? पोहायला हरकत नाही, म्हटलं. आजोबांनी बास पुन्हा पाण्यात सोडला. रागाने नाही, पण बोललेही नाहीत.

तीन आठवड्यांनी तो तक्ता आला.

मी आधी स्वतःवरच संशय घेतला. मग वही काढली. ९:४० ला गाळ घेतला. ९:५० ला पळी शुद्ध पाण्याने धुऊन ते धुवण बाटलीत भरलं. ९:५५ ला पिशव्या बंद. ताटलीची नोंद १०:२५ ची, नवे हातमोजे घातल्याच्या नोंदीसह. धुवणाच्या बाटलीत पारा नगण्य निघाला होता. प्रमुखांचा तो नियम मला सकाळी थोडा जाचक वाटला होता. आता त्याच्याच आधाराने मी उभी होते.

मग कागदावर हिशेब केला. ०.१ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे जाडसर केसाच्या रुंदीचा पाऱ्याचा थेंब सुमारे ७ मायक्रोग्रॅम भरतो. यंत्रात एका वेळी अर्धा ग्रॅम गाळ जातो. अर्ध्या ग्रॅमात ७ मायक्रोग्रॅम, म्हणजे किलोमागे १४ मिलिग्रॅम. चिखलात डोळ्याला न दिसणारा एकच थेंब पुरेसा होता.

विश्लेषकाला मी फोन केला आणि दोन्ही बाटल्यांत उरलेल्या गाळाचे दहा-दहा भाग तपासायची विनंती केली. शिवाय त्याच वाडग्यातला जो गाळ आम्ही ६३ मायक्रॉनच्या, म्हणजे ०.०६३ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून ठेवला होता, तोही. ते म्हणाले, मी स्वतः करतो. त्यांचं यंत्र गाळ तापवून पाऱ्याची वाफ करतं, ती वाफ सोन्यावर धरून ठेवतं, आणि मग सोनं तापवून पारा सोडवून मोजतं. इथे पन्हाळीच्या उलट, सोन्याने पारा पकडतात.

आकडे एकेक करून आले. १४ वाल्या बाटलीत पुढचे नऊ भाग ०.३ च्या आसपास, एक ८. आणि ०.३ वाल्या, आम्ही सगळ्यांनी ‘स्वच्छ’ मानलेल्या बाटलीत सातव्या खेपेला ६ आला. बारीक चाळलेला गाळ मात्र दहाच्या दहा वेळा ०.४ ते ०.५ च्या मध्ये.

गाळातल्या जीवांना अपाय होण्याची शक्यता मोठी धरली जाते ती किलोमागे १.०६ मिलिग्रॅमच्या पुढे. १४ वगळला असता तर ती जागा त्या रेषेच्या खाली राहिली असती आणि फाइल बंद झाली असती. दोन आकड्यांची सरासरी काढली असती तर ७ आला असता, जो त्या ओढ्यात कुठेच नाही. खरं होतं ते असं की बारीक गाळात पारा सगळीकडे थोडा थोडा मुरला आहे, आणि त्यात अधूनमधून सुटे थेंब पडले आहेत. पूर आला की थेंब फुटतात, बारीक गाळ खाली जातो, आणि दोन्ही त्या काळ्या खाडीत पोचतात.

अहवालात आम्ही दोन्ही बाटल्यांचे सगळे बावीस आकडे छापले, सरासरी न काढता. काहींना ते आवडलं नाही. तक्त्यातला एक रकाना फुगला म्हणून पत्र आलं. प्रमुखांनी उत्तराचा मसुदा मला लिहायला सांगितला आणि त्यात एकच शब्द बदलला. मी ‘विसंगत’ लिहिलं होतं, त्यांनी ‘असमान’ केलं.

पुढच्या ऑक्टोबरात त्याच जागी गेलो तेव्हा एका पळीऐवजी वीस मीटरच्या पट्ट्यातून तीस छोट्या पळ्या घेऊन एकत्र कालवल्या, आणि मोजायचा भाग वाढवला. जलाशयावर आजोबा होते. बरणी त्यांनी वसंतातच केंद्रावर दिली होती. गळाला त्या दिवशी काही लागलं नव्हतं, आणि नात पोहत होती.