हरवलेली तीन बुकं आणि एक सायकल

आमच्या छोट्याशा संस्थेने गेल्या वर्षी आजारी मुलांच्या उपचारासाठी रॅफल ठेवली. रॅफल म्हणजे तीच आपली सोडत, तिकिटं विकायची, एका संध्याकाळी सगळ्यांसमोर चिठ्ठी काढायची, एकाला सायकल आणि बाकीच्यांना पुण्य. खजिनदार मी. खजिनदार म्हणजे मीटिंगमध्ये ज्याला वेळेत नाही म्हणता आलं नाही तो माणूस.

२५ तिकिटांचं एक अशी ४० बुकं छापली आणि वाटली. कुणाला कुठल्या नंबरचं बुक दिलं ते मी एका वहीत लिहायला सुरुवात केली होती, हो सुरुवातच, कारण नंतर लोक घाईत येऊन "दोन दे, लिही नंतर" म्हणून घेऊन गेले आणि मी नंतर लिहिलं नाही. सोडतीच्या दिवशी परत आली ३७. तीन बुकं कुठे आहेत कुणालाच माहीत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "अहो विकलीच नसतील, सोडा ना." सोडली.

मग स्थळप्रती, म्हणजे घेणाऱ्याचं नाव-फोन लिहून बुकात उरलेले तिकिटांचे अर्धे भाग, फाडून प्लास्टिकच्या बादलीत टाकायला घेतल्या. चौघं जण चार पद्धतीने. एकाने प्रत्येक चिठ्ठी चार घड्या घालून टाकली, दुसऱ्याने तशीच सपाट, तिसऱ्याने घाईत न विकलेल्या तिकिटांच्या स्थळप्रतीही टाकून दिल्या. त्यामुळे पहिली चिठ्ठी निघाली ती कोरी! नाव नाही, फोन नाही, काही नाही. लोक हसले, आम्हीही हसलो, दुसरी काढली. दुसरी निघाली आमच्या सेक्रेटरींच्या घरच्या वहिनींची.

टाळ्या पडल्या, पण कशा, तर अर्ध्या.

कुणीही लबाडी केली नव्हती हे मी आजही छातीठोक सांगेन. पण कुणी विचारलं असतं ना की दाखवा कशावरून, तर माझ्याकडे दाखवायला एक अर्धवट वही आणि एक बादली होती. त्या रात्री झोप येईना म्हणून फोनवर वाचत बसलो की बाकीच्या जगात हे लोक कसं करतात, आणि त्यात जे सापडलं त्यासाठी ही पोस्ट.

पहिला धक्का हा की आपण समजतो चांगल्या कामासाठी आहे म्हणजे कायदा कशाला आडवा येईल, पण बहुतेक ठिकाणी उलटं आहे. मुळात बंदी, आणि चॅरिटी हा त्या बंदीत ठेवलेला छोटासा दरवाजा. कायद्याच्या नजरेत लॉटरी व्हायला तीन गोष्टी लागतात, भाग घ्यायला पैसे द्यावे लागणं, निकाल नशिबावर असणं आणि बक्षीस. यातली एक काढली की ती लॉटरी राहत नाही. म्हणून तर कंपन्यांच्या लकी ड्रॉवर बारीक अक्षरात "खरेदीची गरज नाही" लिहिलेलं असतं, तिथे त्यांनी पैसे हा पाय कापलेला असतो. कॅनडात तर त्याहून मजा, तिथे अशा ड्रॉमधल्या विजेत्याला बक्षीस द्यायच्या आधी एक गणित सोडवायला देतात, गुणाकार भागाकार बेरीज वजाबाकी असलेलं, का तर मग निकाल निव्वळ नशिबाचा राहिला नाही, थोडं कौशल्यही आलं! मला हे वाचून आधी हसू आलं आणि मग वाटलं की कायद्याला वळसा घालायला लोक पाढेसुद्धा म्हणतील.

त्याच कॅनडाच्या फौजदारी संहितेत कलम २०६ म्हणतं लॉटरी गुन्हा, आणि लगेच २०७ म्हणतं की प्रांताचं लायसन्स असेल तर धर्मादाय किंवा धार्मिक संस्थेला चालेल. हा दरवाजा उघडला १९६९ मध्ये. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या राज्यघटनेतच जुगाराला बंदी आहे आणि तिला अपवाद घालायला लोकांचं मतदान घ्यावं लागलं, १९५७ मध्ये बिंगोसाठी (आपल्या हाऊजीसारखा खेळ) आणि १९७५ मध्ये चक्र फिरवणं, रॅफल वगैरे नशिबाच्या खेळांसाठी. विचार करा, चार म्हाताऱ्या मंडळींनी हॉलमध्ये बसून बिंगो खेळावा म्हणून घटनादुरुस्ती. युटा आणि हवाई या राज्यांनी दरवाजाच ठेवला नाही, तिथे पैसे घेऊन रॅफल म्हणजे चॅरिटीसाठीही सरळ नाही. आणि भारतात विनापरवाना लॉटरीचं ऑफिस चालवणं हा गुन्हा आधी दंडसंहितेच्या २९४-अ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये आहे. आम्ही हे काहीच न बघता तिकिटं छापली हे इथे लिहिताना सुद्धा जरा ओशाळायला होतंय.

सगळ्यात जास्त वेळ मी ब्रिटनच्या नियमांवर घालवला कारण ते आमच्यासारख्या लहान संस्थांना डोळ्यासमोर ठेवून लिहिल्यासारखे वाटतात. २००५ चा जुगार कायदा आहे त्यांचा. संस्था छोटी असेल तर राष्ट्रीय गॅम्बलिंग कमिशनकडे जायची गरज नाही, स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करायची, पहिल्या वर्षी ४० पाउंड आणि पुढे दरवर्षी २०. एका सोडतीत २०,००० पाउंडांपर्यंत आणि वर्षभरात २,५०,००० पाउंडांपर्यंत तिकीटविक्री चालते, त्याच्या वर गेलात तर कमिशनचं मोठं लायसन्स. आणि एखाद्या कार्यक्रमात जागेवरच तिकिटं विकून छोटी सोडत काढायची असेल तर लायसन्सच लागत नाही, फक्त विक्रीतून बक्षिसांसाठी ५०० आणि खर्चासाठी १०० पाउंडांपेक्षा जास्त कापायचे नाहीत. म्हणजे जितकी मोठी रक्कम तितका मोठा लगाम, हे मला पटलं.

बारीक नियम मात्र पहिल्यांदा वाचले तेव्हा डोकं फिरलं. तिकीट रस्त्यात उभं राहून विकायचं नाही. दुकानात चालेल, टपरीतून चालेल, दारोदार फिरून चालेल, रस्त्यात नाही. आणि दुसरा, प्रत्येक तिकिटाची किंमत एकच हवी, पाचावर एक फ्री वगैरे स्कीम चालणार नाही.

हे दुसरं वाचलं आणि मी उठून बसलो, कारण आमची स्कीम नेमकी तीच होती. पाच घ्या सहावं फ्री. आयडिया माझीच. आणि रॅफलनंतरच्या हिशोबात माझी वाट लावली ती पण तिनेच. कसं ते सांगतो. किंमत एकच असेल तर हिशोब दुसरीतल्या पोराला जमेल, विकलेली तिकिटं गुणिले किंमत बरोबर आलेले पैसे, कमी आले तर तिकिटं किंवा पैसे, दोनपैकी एक कुठेतरी आहे. आमच्याकडे एका बुकात २२ तिकिटं गेली आणि पैसे आले १९ चे, आता यात तीन फ्रीची आहेत की दोन फ्री आणि एकाचे पैसे यायचेत? विकणाऱ्यालाच आठवेना. असं ३७ वेळा. शेवटी मी "आलेले पैसे बरोबर आहेत" असं धरून पुढे गेलो, आणि हे वाक्य कुठल्याही खजिनदाराने कधी लिहू नये. शिवाय ज्याने एकच तिकीट घेतलं त्याला तेवढ्याच पैशात कमी नशीब मिळालं हा अन्याय आहेच, तो तेव्हा डोक्यातही आला नव्हता.

ब्रिटनमध्ये सोडतीनंतर तीन महिन्यांच्या आत कौन्सिलला हिशोब द्यावा लागतो, किती जमले, बक्षिसांवर किती, खर्च किती, कामाला किती, आणि त्यावर संस्थेने लेखी नेमलेल्या दोन प्रौढ सभासदांच्या सह्या. दोन! एकट्या खजिनदाराच्या गळ्यात नाही. मला हा नियम फार आवडला, कारणं उघड आहेत.

जमलेल्यातलं किती टक्के खऱ्या कामाला गेलं पाहिजे यावर मात्र जगात टोकं आहेत. ब्रिटनमध्ये किमान २०. कॅलिफोर्नियात ९०. मला २० फारच कमी वाटतात, माणूस तिकीट घेतो तेव्हा त्याला वाटतं पैसे मुलांच्या औषधाला चाललेत, त्यातले ८० छपाई आणि बक्षिसात गेले तर चालेल असं तो कधीच म्हणणार नाही. पण ९० पण सोपं नाही बरं का, म्हणजे बक्षीस कुणीतरी फुकट दिलं पाहिजे, नाहीतर १० टक्क्यांत काय बसवणार. आमची सायकल देणगीत मिळालेली म्हणून आम्ही त्यात बसलो असतो. अर्धे पैसे विजेत्याला अर्धे संस्थेला असली फिफ्टी-फिफ्टी सोडत या ९० च्या नियमात बसूच शकत नाही, तरी तिथल्या मोठ्या व्यावसायिक खेळांच्या टीमच्या संस्थांना वेगळा कायदा करून ती परवानगी मिळाली आहे, छोट्या संस्थांना नाही. ज्याचं स्टेडियम त्याची सवलत, काय बोलणार.

अजून एक, आमच्याकडे बऱ्याच जणांनी तिकिटाची देणगी पावती मागितली, टॅक्ससाठी. अमेरिकेचं आयकर खातं यावर स्पष्ट आहे, रॅफलचं तिकीट ही देणगी धरत नाहीत, कारण पैशाच्या बदल्यात तुम्हाला जिंकायची संधी मिळाली. वर जिंकलात तर बक्षिसावर टॅक्स, गाडी जिंकलेल्या माणसाला टॅक्स भरायला रोख रक्कम शोधावी लागते.

आता बादलीकडे परत येतो, कारण मला सगळ्यात जास्त तीच आठवते. "सगळ्यांसमोर काढली ना" हे आमचं मुख्य उत्तर होतं. १९६९ च्या १ डिसेंबरला अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांची भरती सोडतीने ठरवली, वर्षाच्या ३६६ जन्मतारखा निळ्या प्लास्टिकच्या कॅप्सूलमध्ये घालून एका मोठ्या काचेच्या भांड्यातून, टीव्हीवर, सगळ्या देशासमोर. नंतर आकडेमोड करणाऱ्यांच्या लक्षात आलं की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या, विशेषतः डिसेंबरच्या तारखा लवकर निघाल्यात. महिन्यामहिन्याने कॅप्सूल भरल्या आणि नीट मिसळल्याच नाहीत, बास. तिथे सायकल कुणाला हा प्रश्न नव्हता, आधी कोण जाणार हा होता. आमच्या बादलीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या हाताला लागत होत्या आणि सपाट चिठ्ठ्या तळाला चिकटून बसल्या होत्या. वहिनींच्या चिठ्ठीला घड्या होत्या की नव्हत्या हे मला आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर आठवून बघायची हिंमतही होत नाही.

आणि १९८० ला पेनसिल्व्हेनियात तर मुद्दामच केलं, सरकारी लॉटरीत ४ आणि ६ सोडून बाकी सगळ्या चेंडूंत रंग भरून ते जड केले, टीव्हीवर लाइव्ह निघाला ६६६. सोडत सादर करणारा माणूसच त्यात होता. तेव्हा समोर काढली म्हणजे सगळं आलं असं नाही.

वहिनींच्या बाबतीत मला आता वाटतं की समितीतल्या लोकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी तिकीटच घेऊ नये, घ्यायचं तर सरळ देणगी द्यावी. जुनी खोड आहे ही. ब्रिटिश म्युझियम १७५३ मध्ये उभं राहिलं ते लॉटरीच्या पैशावर, संसदेने कायदा करून काढलेली लॉटरी, आणि त्यात तिकिटं वाटायची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यानेच खोट्या नावांवर गठ्ठ्याने तिकिटं आपल्या माणसांकडे वळवली, मग ती चढ्या भावाने बाजारात. खटला झाला, १,००० पाउंड दंड झाला. आमच्या वहिनी बिचाऱ्या एक तिकीट घेऊन बसलेल्या, त्यांनी दुसऱ्याच दिवशी सायकल परत आणून दिली, नको म्हणाल्या. मग सायकलचं काय करायचं यावर दोन मीटिंगा झाल्या कारण विजेत्याने बक्षीस नाकारलं तर काय हे तिकिटावर छापलंच नव्हतं. ती अजून ऑफिसात भिंतीला टेकून आहे, मागच्या चाकात हवा नाही.

या वर्षी परत करायची म्हणतायत. मी म्हटलं आधी परवानगीचं बघू, बुकं सही घेऊन देऊ, किंमत एकच, आणि न विकलेली बुकं परत आल्याशिवाय बादलीला हात लावायचा नाही. सगळे हो म्हणाले, मीटिंगमध्ये लोक हो म्हणतातच.

आणि मग मागच्या आठवड्यात हरवलेल्या तीन बुकांपैकी एक सापडलं. आमच्याच एका काकांच्या गाडीच्या कप्प्यात, रबर लावून, सोबत पाकिटात पैसे. ११ तिकिटं विकलेली, स्थळप्रतींवर नावं फोन सगळं व्यवस्थित सुवाच्य. काका म्हणाले, "अरे मला वाटलं मी दिलं." ११ माणसांनी पैसे भरले होते आणि त्यांच्या चिठ्ठ्या त्या बादलीत कधी पडल्याच नाहीत. मी एकेकाला फोन लावायला बसलो, पैसे परत देतो म्हणून सांगायला. दहा जण म्हणाले राहू द्या, चांगल्या कामालाच गेलेत. अकरावा मुलगा होता कॉलेजातला, त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सायकल कुणाला लागली?"