पिझ्झ्याची भाकरी केली, तरी

शनिवारची सकाळची शाळा. इतिहासाचे सर निवडणुकीच्या कामाला गेलेले, त्यामुळे नववी 'ब'चा ऑफ तास माझ्या गळ्यात. भूमितीचा पुढचा धडा उघडायचा कंटाळा आला होता (माझाच, पोरांवर कशाला ढकलू), म्हणून मोबाइलमध्ये साठवून ठेवलेले 'पिसा'चे जुने प्रश्न फळ्यावर लिहिले.

पिसा म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची ती जगभरची परीक्षा. ओईसीडी ही संस्था २००० सालापासून घेते. आपण तिच्यात एकदाच उतरलो, २००९ च्या फेरीला जोडून, आणि तेही तमिळनाडू आणि हिमाचल या दोनच राज्यांपुरते. गणितात तमिळनाडूला ३५१, हिमाचलला ३३८. पहिल्या आलेल्या शांघायला ६००. सत्तरच्या वर नावांच्या त्या यादीत गणितात आपल्या दोघांच्या खाली एकटं किर्गिझस्तान. मग दिल्लीतून खुलासा आला की प्रश्न आपल्या मुलांच्या परिसराला धरून नव्हते. २०१२, २०१५, २०१८, आपण फिरकलोच नाही. पुढे २०२१ साठी चंदीगड, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय पाठवायचं ठरलं (आमच्यासारख्यांना कोण पाठवतंय!), कोरोनामुळे परीक्षाच २०२२ वर गेली, आणि तिच्या निकालात भारत नव्हता.

परिसराचं ते कारण मला आजवर पटत आलं होतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी पिझ्झा फक्त जाहिरातीत पाहिलाय.

तर पहिला प्रश्न पिझ्झ्याचाच. सारख्याच जाडीचे दोन गोल पिझ्झे. ३० सेंटिमीटर व्यासाचा ३० झेडला, ४० सेंटिमीटरचा ४० झेडला. कोणता घेणं परवडेल? 'झेड' हे त्यांचं काल्पनिक नाणं. पहिलाच हात वर आला, "बाई, एक झेड म्हणजे किती रुपये?" म्हटलं, बघा, हाच तो परिसर. फळा पुसला. पिझ्झ्याच्या जागी भाकरी, झेडच्या जागी रुपये.

"एवढी मोठी भाकरी थापतं कोण?" यावर दोन मिनिटं गेली. मग वह्या गोळा केल्या. चौतीसपैकी एकोणतीस जणांचं उत्तर एकच: सेंटिमीटरला रुपया, दोन्ही सारख्याच.

विचारलं, वर्तुळाचं क्षेत्रफळ कुणाकुणाला येतं? सगळे हात वर. सूत्र कोरसमध्ये म्हणून दाखवलं. काढायला सांगितलं तर पाच मिनिटांत काढलंही: लहान भाकरी ७०६ चौरस सेंटिमीटर, मोठी १२५६. पैसे सव्वापटीहून थोडे जास्त, भाकरी पावणेदोन पट. मग आधी का नाही काढलं?

"बाई, क्षेत्रफळ काढा असं प्रश्नात कुठं म्हटलं होतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेली अठरा वर्षं मीच 'क्षेत्रफळ काढा' असं लिहीत आलेय.

दुसरा प्रश्न जपानच्या फुजी पर्वताचा. प्रश्नाप्रमाणे तो १ जुलै ते २७ ऑगस्ट खुला असतो, तेवढ्यात सुमारे दोन लाख लोक चढतात, तर रोज साधारण किती? पर्याय पाच. बरोबर उत्तर ३४००, कारण दिवस ५८. आमच्या अर्ध्या वर्गाची खूण ७४०० वर. दोन लाखांना २७ ने भागलं की नेमकं तेच येतं. प्रश्न काढणाऱ्याने तो पर्याय अशाच घाईसाठी मांडून ठेवलेला. भागाकार एकाचाही चुकला नाही. जुलै कुणी वाचलाच नव्हता.

त्याच फुजीचा पुढचा भाग मात्र रंगला. नऊ किलोमीटरची वाट, चढताना ताशी दीड किलोमीटर, उतरताना दुप्पट वेग, रात्री आठला खाली पोचायचं तर उशिरात उशिरा किती वाजता निघावं? श्रावणी शनिवारी जरंडेश्वरचा डोंगर चढणारी पोरं ही. मागच्या बाकावरचा एकजण, एरवी तासभर खिडकीबाहेर बघणारा, उठून म्हणाला, "उतरताना दुप्पट वेग कसा, बाई? गुडघे भरून येतात. आणि वर पोचल्यावर बसायचं नाही का?" मग त्याने अर्ध्या तासाचा आराम धरून साडेदहा सांगितलं. उत्तरसूचीत अकरा आहे. मी त्याला पूर्ण गुण दिले. ओईसीडीने दिले असते का, कोण जाणे.

सोमवारी घटक चाचणीची प्रश्नपत्रिका काढायला बसले. प्रश्न प्रकरणवार न लावता मुद्दाम मिसळले, आणि एका प्रश्नात भाकऱ्या घातल्या, 'क्षेत्रफळ' हा शब्द न लिहिता. मंगळवारी ती लाल शेरा मारून परत आली. संविधान तक्त्याप्रमाणे (कोणत्या घटकाला किती गुण, हे ठरवणारा तक्ता) हा प्रश्न कोणत्या घटकाचा, ते स्पष्ट होत नाही.