खाडा

आमच्या फ्रीजशेजारी जे कॅलेंडर आहे त्यावर दुधाचा हिशोब असतो, म्हणजे रोजचं एक लिटर कोण लिहित बसणार, ज्या दिवशी दूध आलं नाही तिथे फुली. मावशींच्या खाड्याला गोल. आणि जूनपासून हिरव्या स्केचपेनची एक टिक पण असते, ती माझी, पर्वती चढले त्या दिवसाची.

पायऱ्या १०३ आणि त्या इतक्या रुंद की एका पावलात पुरत नाहीत आणि दोन टाकली तर लय जाते. मी अर्ध्यात धापा टाकत कडेला उभी असते आणि पंच्याहत्तरीचे काका तिसरी फेरी मारताना "चला चला" करत वर जातात, रोज, स्वेटर घालून!

याआधी चारपाच वेळा तरी सुरू करून सोडलंय मी. ते २१ दिवसांत सवय लागते म्हणतात ना, त्या भरवशावर. पंधराव्या-सोळाव्या दिवशी पाहुणे येणार किंवा घसा धरणार, एक दिवस बुडाला की संपलं, मग पुन्हा पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून म्हणजे सोमवारपासून, नाहीतर एक तारखेपासून, नाहीतर सरळ पाडव्यापासून.

नंतर कळलं की ते २१ कुठून आलं. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जननी १९६० मधे लिहिलं होतं की पेशंटला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. त्यातलं "कमीत कमी" लोकांनी गाळलं आणि नाकाचं गणित पर्वतीला लावलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनी पुढे ९६ जणांवर अभ्यास केला, रोज ठरलेल्या वेळी एखादी गोष्ट करायची, तर निघाले साधारण ६६ दिवस, कुणाचे १८ तर कुणाचे अंदाजे २५४. व्यायामवाल्यांना पाणी पिणाऱ्यांपेक्षा जास्त लागले, हे मला न सांगताही पटलं असतं. पण एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही, हे वाचून मला थोडा रागच आला, इतकी वर्षं कुणी बोललं का नाही?

खरं तर हे घरातच दिसत होतं. मागच्या आठवड्यात मावशींचे दोन दिवस खाडे, फोन नाही काही नाही, मी काय बोलायचं ते मनात पाठ करून ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी साडेआठला बेल, पिशवी खुंटीला, पदर खोचला, "पोरीला ताप होता ताई, घासणी पार झिजलीये, नवी काढा." आणि नळ सुरू. दोन दिवसांची भांडी, पण तोंडावर अपराधीपणा शून्य.

मी दूध आत घेतलं की बूट घालते, असं ठरवलंय. परवा दूधवालाच आला नाही तर सात वाजेपर्यंत दारात केस विंचरत उभी, गेलेच नाही मग. काल मात्र गेले. एक तारखेची वाट न बघता.

रात्री नवरा दुधाचा हिशोब करत होता, हिरव्या टिका बघून म्हणाला, "तुझे सात खाडे झालेत, कापायचे का?"

म्हणलं, काप, पण मावशींना महिन्याला दोन माफ असतात, मला निदान चार दे.